कधीच सोलो न घेतलेल्या सहवादकाच्या स्मरणार्थ काय वाजवावं?

पहिला_आल्टो

नमस्कार मंडळी. आमच्या बिग बँडमध्ये दुसरा आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा माझा सहकारी नुकताच गेला. आजारपण लांबलं होतं, तरी मनाची तयारी झाली होती असं म्हणवत नाही. घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही. वयाने माझ्याहून बराच मोठा. पहिल्याच तालमीला मी 'अहो' म्हणालो, तर म्हणाला, "शेजारी बसून श्वास बरोबर घ्यायचाय आपल्याला, अहो-जाहो कशाला?" तेव्हापासून अरे-तुरे, म्हणून इथेही तसंच लिहितो.

पुढच्या कार्यक्रमात त्याच्यासाठी काहीतरी वाजवायचं असं सगळ्यांनी ठरवलं आणि ते निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याच्या शेजारची खुर्ची माझी.

अडचण अशी की तो सोलो घेत नसे. येत नव्हतं म्हणून नाही, घरी एकटा असताना छान वाजवायचा. बँडमध्ये मात्र कोणी आग्रह केला की माझ्याकडे नाहीतर टेनर सॅक्सकडे बोट दाखवायचा. ट्रम्पेटवाला गेला असता तर त्याच्या आवडीची चीज घेऊन त्याच्या सोलोच्या जागी नुसता रिदम सेक्शन (पियानो, गिटार, बेस, ड्रम्स) चालू ठेवला असता. कोण नाही ते ऐकणाऱ्याला आपोआप कळलं असतं. इथे मोकळी सोडायला जागाच नाही. आमच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तो आहे, आणि 'हा बघा, हा तो' असं एकातही दाखवता येत नाही. त्याच्या मुलीने मला हेच विचारलं, "यात बाबांचा आवाज नेमका कुठला?" मी तिला हेडफोन लावून काही जागा ऐकवल्या. तिला खरंच ऐकू आलं की माझ्यासाठी ती हो म्हणाली, कोण जाणे.

ज्यांना बिग बँडची बैठक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुढच्या ओळीत पाच सॅक्सोफोन, दोन आल्टो, दोन टेनर आणि एक बॅरिटोन. त्यामागे ट्रॉम्बोन, सर्वात मागे ट्रम्पेट, बाजूला पियानो, गिटार, बेस आणि ड्रम्स. पहिला आल्टो सॅक्सच्या ओळीचा लीड, म्हणजे सूर कसा लावायचा, किती लांबवायचा, कुठे सोडायचा हे तो ठरवतो. दुसरा आल्टो त्याला लागून बसतो आणि बहुतेक वेळ त्याच्या लगेच खालचा सूर वाजवतो. इतका जवळचा की लीडने व्हायब्रेटो (लांब सुरातला हलका कंप) थोडा लवकर सुरू केला आणि दुसऱ्याने उशिरा, तर दोन सूर एकमेकांना घासतात.

त्याच्या बाबतीत असं कधी झालं नाही. लांब सुरावर मी व्हायब्रेटो उशिरा सुरू करतो, ती माझी सवय. तो थांबायचा, माझा सुरू झाला की मग स्वतःचा आणायचा, आणि माझ्याहून थोडा अरुंद ठेवायचा, म्हणजे वरचा सूर मोठा वाटावा. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. एकदा तापामुळे मी तालमीला गेलो नव्हतो, तेव्हा रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं: त्या दिवशी लीडला दुसरं कोणी बसलं होतं आणि याचा व्हायब्रेटो वेगळाच होता, त्या माणसाच्या मापाचा.

त्याचं पार्ट्सचं, म्हणजे त्याच्या वाद्यापुरते सूर लिहिलेल्या पानांचं, फोल्डर आता माझ्याकडे आहे. पानोपानी पेन्सिलच्या खुणा. गडबडीच्या जागी चष्म्याचं चित्र, म्हणजे 'नीट बघ', सगळेच काढतात तसं. 'चौथ्या बीटवर सोड', 'इथे ट्रम्पेट आहेत, दाबून'. एका बॅलडच्या (संथ चीजेच्या) पार्टवर, आठ बारच्या (बार म्हणजे इथे चार ठोके) लांब वाक्याच्या मधोमध बारीक अक्षरात लिहिलंय: 'पहिला इथे श्वास घेतो. आपण धरायचं.' ते वाक्य मी किती वेळा वाजवलं असेल. लोक म्हणायचे, काय दम आहे तुमचा, कुठे तुटतच नाही. तुटत नव्हतं, कारण मी श्वास घ्यायचो त्या क्षणी शेजारी सूर चालू असायचा.

तर प्रश्न हा की अशा माणसासाठी काय वाजवावं? त्याची खुर्ची त्या वेळी रिकामी ठेवावी का? आणि फोल्डरचं काय करावं? पुढे जो कोणी त्या खुर्चीवर बसेल त्याला द्यायचं, की मुलीला?

ठेका_गिटार

वाचून गलबलून आलं. मी गिटार वाजवतो, तीही बिग बँडमधली रिदम गिटार, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या जमातीतलाच. म्हणून आधी फ्रेडी ग्रीनचं नाव घेतो.

काउंट बेसीच्या बँडमध्ये तो १९३७ साली आला आणि १९८७ साली वारेपर्यंत तिथेच राहिला. १९५० मध्ये बेसीने मोठा बँड मोडून छोटा केला, तेवढाच काय तो खंड. बेसी स्वतः १९८४ मध्ये गेला, ग्रीन त्यानंतरही बँडमध्ये होताच. इतक्या वर्षांत त्याचे सोलो शोधायला बसलात तर हाती जवळजवळ काही लागत नाही. अ‍ॅम्प्लिफायर नसलेली साधी गिटार, बारमध्ये चार ठोके, बस्स. ट्रम्पेट चालू असताना ती ऐकू येत नाही, येते ती शांत जागांमध्ये, पियानोच्या दोन सुरांच्या मध्ये. पण तिच्याशिवाय बेसीचा बँड बेसीचा वाटला नसता, हे कोणताही ड्रमर सांगेल.

सांगायचा मुद्दा, त्याचा सोलो नव्हता म्हणून हळहळू नका आणि आता मुद्दाम सोलोची चीज शोधू नका. सॅक्स सेक्शनची सोली असलेला चार्ट (बँडसाठी लिहिलेली रचना) निवडा, जिथे पाचही जण एकत्र चालतात. (नवीन लोकांसाठी: सोलो एकाचा, सोली अख्ख्या ओळीची, सगळे एकाच तालात पण वेगवेगळ्या सुरांवर.) तुमच्या मित्राचं घर तेच होतं.

आणि बॅलडवर जाऊ नका असं मला वाटतं. स्मरणाला सगळेच संथ चीज घेतात. तो जिथे रमायचा तीच लय घ्या.

प्रतलेखक

मी बँडसाठी अरेंजमेंट लिहितो आणि पार्ट काढतो, तेव्हा त्या बाजूने बोलतो. गिटारवाल्यांशी सोलीबद्दल शंभर टक्के सहमत. पण सोलीत खुर्ची रिकामी ठेवू नका. ठेवलीत तर काय होतं ते प्रत्यक्ष सुरांत दाखवतो.

पाच सॅक्सना जवळजवळ बसवण्याची नेहमीची पद्धत अशी: वर लीडची चाल, तिच्या खाली कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचे) उरलेले तीन सूर एकाला एक लागून, आणि बॅरिटोनला पुन्हा लीडचीच चाल, एक सप्तक खाली. समजा कॉर्ड सी-सिक्स आहे, म्हणजे सी, ई, जी, ए. लीडकडे जी आला तर दुसऱ्या आल्टोला ई, पहिल्या टेनरला सी, दुसऱ्या टेनरला ए आणि बॅरिटोनला खालचा जी. (हे सगळे प्रत्यक्ष ऐकू येणारे सूर, पार्टवर लिहिलेले नव्हेत.)

आता दुसऱ्या आल्टोला उठवा. गेला कोण? ई. म्हणजे सी धरून चाललात तर गांधारच गेला. चाल आहे, खाली बॅरिटोन आहे, पण कॉर्ड मेजर की मायनर ते सॅक्सकडून कळेनासं होतं. पियानोवाला सांभाळून घेईल, पण ओळ पोकळ वाटेल. लीडचा सूर बदलला की दुसऱ्या आल्टोकडे दुसरा कुठला तरी सूर येतो, म्हणजे हे भोक एका जागी राहत नाही, चालीबरोबर फिरतं. लोकांना 'कोणीतरी नाही' असं वाटणार नाही, 'आज सॅक्स बरोबर वाजत नाहीयेत' असं वाटेल. ज्याने जन्मभर ओळ भरून ठेवली त्याच्या स्मरणाला हे बरं नाही.

तेव्हा त्या खुर्चीवर कोणीतरी बसवा, आणि चांगलं वाजवणारं बसवा.

मागची_रांग

मी ट्रॉम्बोन. प्रतलेखक म्हणतात ते सुरांच्या हिशेबाने बरोबर आहे, पण रिकाम्या खुर्चीला माझा इतका विरोध नाही. आमच्या बँडमधला एक जण गेला तेव्हा आम्ही त्याची खुर्ची एका चीजेपुरती तशीच ठेवली होती. ती प्रेक्षकांसाठी नव्हतीच, आमच्यासाठी होती. पुढच्या चीजेला तिथे नवा माणूस येऊन बसला तेव्हा आम्हा सगळ्यांना त्याच्याकडे नीट बघता आलं. नाहीतर महिनोन्‌महिने आम्ही त्या पोराच्या अंगावरून पलीकडे बघत राहिलो असतो.

फक्त अशी चीज निवडा की जिच्यात सॅक्स वाजतच नाहीत. नुसता पियानो, किंवा पियानो आणि बेस. ड्यूक एलिंग्टनच्या बँडसाठी लिहिणारा त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न ३१ मे १९६७ ला गेला, त्यानंतर त्याच वर्षी एलिंग्टनने त्याच्या रचनांचा अख्खा अल्बम केला. त्यात 'ब्लड काउंट' आहे, आजारपणात इस्पितळातून लिहून पाठवलेली त्याची शेवटची रचना, आणि ती वाजवायला जॉनी हॉजेसचा आल्टो. पण मला त्यातलं आठवतं ते 'लोटस ब्लॉसम'. रेकॉर्डिंग संपून मंडळी वाद्यं आवरत असताना एलिंग्टन एकटाच पियानोवर बसून ते वाजवतो. मागे लोकांची बोलणी ऐकू येतात, सुरुवातीला कोणाचं लक्षही नाही, मग हळूहळू आवाज कमी होतात. स्ट्रेहॉर्नला त्याच्या हातून ती रचना ऐकायला आवडायची म्हणून वाजवली. त्यात बँड नाहीच, तरी बँडची आठवण जितकी तिथे आहे तितकी मला दुसरीकडे सापडली नाही.

पहिला_आल्टो

सगळ्यांचे मनापासून आभार. ठेका_गिटार, लयीबद्दल तुम्ही बोललात ते अगदी पटलं. तो मध्यम स्विंगचा माणूस होता. फार जलद चीजेत तो गप्प होऊन मान खाली घालून वाजवायचा, बॅलडमध्ये माझ्याकडे कान लावून बसायचा, पण मध्यम लयीत त्याचा डावा पाय दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर हलायचा. फक्त टाच, बूट जमिनीवर आपटायचा नाही, कारण माइकमध्ये येतं. तेव्हा मध्यम लयीतली सोली, हे ठरलं.

प्रतलेखक, गांधाराचं उदाहरण मी तालमीत करून पाहिलं. आपला एक चार्ट काढला आणि आम्ही चौघांनीच सोली वाजवली. तुमचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. तिसऱ्या बारमध्येच पियानोवाला थांबून म्हणाला, काहीतरी पडलंय. खुर्ची रिकामी ठेवणार नाही, निदान सोलीत नाही.

पण त्यावरूनच एक विचार आला, तो चुकीचा असेल तर सांगा. त्याच्या मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. सोलीच्या आधी फक्त दुसऱ्या आल्टोची ओळ एकट्याने वाजवली तर? मागे बेस आणि ड्रम्सचे ब्रश (काठ्यांऐवजी, हलक्या आवाजासाठी), बाकी कोणी नाही. मग तीच सोली सगळ्यांनी मिळून. म्हणजे 'बाबांचा आवाज कुठला' याचं उत्तर एकदा तरी सरळ मिळेल.

प्रतलेखक

कल्पना चुकीची नाही, पण ती ओळ एकटी कशी वाजते याची तयारी ठेवा. आतल्या ओळी चालीसारख्या नसतात. लीडची चाल वरखाली नाचत असते, आणि दुसरा आल्टो कधी चार-पाच नोटा एकाच सुरावर उभा असतो, मग कॉर्ड बदलला की अचानक उडी. चालीतला सूर कॉर्डबाहेरचा असला की आम्ही तिथे डिमिनिश्ड कॉर्ड घालतो, मग दुसऱ्या आल्टोकडे असे काही सूर येतात की एकटे वाजवले तर ते त्या रागाचेच नाहीत असं वाटावं. गुणगुणता येईल असं त्यात फारसं काही नसतं. मुलगी ऐकेल आणि म्हणेल, बाबा इतकी वर्षं हे वाजवायचे?

म्हणून एकटी ओळ सोडून देऊ नका, थर लावा. आठ बार दुसरा आल्टो एकटा. पुढचे आठ बार तीच ओळ, आता तुम्ही वर लीड घेऊन. दोघंच. इथे लोकांना पहिल्यांदा कळेल की आधीची विचित्र उडी कशासाठी होती. मग पाचही जण पूर्ण सोली, आणि तिथून चार्ट जसाच्या तसा. मधली दोघांची आठ बार सर्वात महत्त्वाची, ती गाळू नका. हवं तर मी ते तुमच्या चार्टवरून लिहून देतो, एका संध्याकाळचं काम आहे. रचनेचं नाव आणि दोन्ही आल्टोंचे पार्ट पाठवा.

खालचा_सॅक्स

बॅरिटोनकडून दोन शब्द, कारण फोल्डरच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही.

एलिंग्टनच्या बँडच्या हस्तलिखित पार्ट्सवर वरती पुष्कळदा वाद्याचं नाव नसे, वादकाचं नाव किंवा टोपणनाव असे. 'दुसरा ट्रॉम्बोन' असं नाही, त्या माणसाचं नाव. सूर खुर्चीसाठी लिहिलेला नव्हता, त्या माणसाच्या आवाजासाठी लिहिलेला होता. ते कागद आज स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. कागद जुने होते म्हणून नव्हे, कोणासाठी काय लिहिलं होतं ते फक्त त्यांवरूनच कळतं म्हणून.

तुमच्या मित्राच्या खुणा त्याच जातीच्या आहेत. 'पहिला इथे श्वास घेतो' हे कोणत्याही छापील पार्टवर मिळणार नाही. माझं मत: मूळ फोल्डर मुलीला द्या, पण त्याआधी प्रत्येक पान नीट स्कॅन करा, पेन्सिल फिकट असते तेव्हा काळोखी वाढवून. आणि नव्या वादकासाठी स्वच्छ प्रत काढू नका, खुणांसकट प्रत काढा. त्याला स्वतःच्या खुणा शेजारी करू देत. काही जुन्या खुणा त्याला उपयोगी पडतील, काही नाही, कारण त्याचा श्वास वेगळा आणि पुढेमागे लीडही वेगळा असेल.

थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये १९६६ च्या फेब्रुवारीत सोमवारचा बँड सुरू केला. थॅड १९८६ मध्ये गेला, मेल १९९० मध्ये. बँड दर सोमवारी वाजवत राहिला, थॅडचे चार्ट तेच. त्या प्रत्येक खुर्चीवर आतापर्यंत किती जण बसून गेले असतील. चार्ट चालू राहतो तो असा, हातातून हातात.

अजून एक. सॅक्सच्या ओळीतल्याच माणसाने शेजाऱ्यासाठी रचना केल्याचं उदाहरण हवं असेल तर नॉरिस टर्नी बघा. जॉनी हॉजेस ११ मे १९७० ला गेला तेव्हा एलिंग्टनचा न्यू ऑर्लिन्सवरचा अल्बम अर्धा झाला होता. दोन दिवसांनी उरलेलं रेकॉर्डिंग होतं, आणि ते झालं. हॉजेससाठी ठेवलेली सिडनी बेशेवरची रचना टेनरवर पॉल गोन्साल्विसने वाजवली. पुढे टर्नीने हॉजेससाठी 'चेकर्ड हॅट' केलं आणि एलिंग्टनच्याच बँडबरोबर ते वाजवलं. हॉजेसची नक्कल करत नाही, पण सूर ऐकताना कोणाच्या शेजारी बसून हा माणूस वाजवत होता ते कळतं.

हिरवा_ट्रम्पेट

इथे सगळे जुने जाणते आहेत, मी नवीन आहे, तरी विचारतो. धागाकर्त्यांनी स्वतःच एखादी छोटी रचना का करू नये? बेनी गोल्सनने ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनसाठी केली तशी. ब्राउन जून १९५६ मध्ये मोटार अपघातात गेला, अवघा २५ वर्षांचा. बातमी आली तेव्हा गोल्सन डिझी गिलेस्पीच्या बिग बँडमध्ये होता आणि बँड अपोलो थिएटरमध्ये वाजवत होता. त्यानंतर त्याने 'आय रिमेंबर क्लिफर्ड' लिहिलं, ब्राउनच्या वाजवण्याची ढब चालीत यावी म्हणून सूर निवडून निवडून. आज ते प्रत्येक ट्रम्पेटवाल्याला यावंच लागतं. मीही सध्या तेच घोटतोय, म्हणून आठवलं.

पहिला_आल्टो

हिरवा_ट्रम्पेट, सुचवलंत त्याबद्दल आभार, आणि नवीन आहात म्हणून संकोच करू नका. रचना करायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला. पण ब्राउनला चाल शोभते, कारण तो चाल वाजवणारा होता, त्याचे सोलो लोकांना पाठ होते. माझ्या मित्राच्या नावाने मी एखादी गोड चाल लिहिली तर ती वाजवणार मीच, आणि पुन्हा सगळे मलाच ऐकणार. तो ज्या जागी होता ती जागा दाखवायची आहे.

म्हणून प्रतलेखकांचे थर पक्के. पार्ट त्यांना पाठवले होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहून परतही पाठवले, आणि आम्ही काल ते वाजवले.

दुसऱ्या आल्टोला एक तरुण मुलगी आली आहे. क्लॅरिनेटवरून आल्टोकडे आलेली, सूर स्वच्छ. तिला खुणांसकट प्रत दिली. एकटीची आठ बार तिने वाजवली तेव्हा प्रतलेखकांनी सांगितलं होतं तसंच झालं, ओळ अडखळत चालल्यासारखी वाटली, मागच्या रांगेतले दोघं-तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मग मी वर आलो. पहिल्या चार बारमध्येच त्या उड्या जागेवर बसल्या. मी इतकी वर्षं ही सोली वाजवतोय, पण माझ्या चालीखाली नेमकं काय चालतं ते मी असं कधी ऐकलंच नव्हतं. वाजवताना वरच्या माणसाला ते ऐकायला सवड नसते. पाचही जण आले तेव्हा ड्रमरने आपण होऊन ब्रश ठेवून काठ्या घेतल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण तेच बरोबर होतं, तसंच ठेवलंय.

तालमीनंतर तिने विचारलं, "पार्टवर एके ठिकाणी 'धरायचं' लिहिलंय. तुम्ही अजूनही तिथेच श्वास घेता का?" मी हो म्हणालो. तिने मान हलवली, स्वतःच्या पेन्सिलीने त्याखाली एक रेघ ओढली आणि पुढचं पान उलटलं. मला या मुलीची काळजी वाटत नाही.

मूळ फोल्डर मित्राच्या मुलीकडे पोचवलं. स्कॅन आधी केले, खालचा_सॅक्स यांनी सांगितल्याप्रमाणे काळोखी वाढवून. पेन्सिलच्या काही ओळी तर मला त्या स्कॅनमध्येच पहिल्यांदा दिसल्या. मुलगी कार्यक्रमाला येणार आहे. तिला आधी काही समजावून सांगायचं नाही असं ठरवलंय. रिकाम्या खुर्चीचंही मागची_रांग म्हणाले तसंच करतोय: आधी पियानोवर एक छोटी चीज, तेवढ्यापुरती खुर्ची रिकामी, मग नवी मुलगी येऊन बसेल आणि सोलीचा चार्ट सुरू होईल.

आता एकच राहिलं. एकटीच्या आठ बारांना तिने उभं राहावं का? आम्ही सोलीला पाचही जण उभे राहतो. आणि निवेदनात काय सांगावं? मला लांबलचक भाषण नको आहे.

ठेका_गिटार

उभं राहू देऊ नका. तो बसून वाजवायचा, तीही बसून वाजवेल. दोघांच्या आठ बारांनाही बसूनच. पाचही जण एकत्र उभे राहा, म्हणजे दुसरा आल्टो ओळीबरोबरच उठेल. निवेदन मात्र वाजवण्याआधी करा, नंतर नको, नाहीतर टाळ्यांत जाईल. त्याचं नाव, तो कुठे बसायचा, आणि 'आता आधी त्याची ओळ ऐका', एवढं पुरे.

लयीचं एक सांगतो. थर लावताना लय नेहमीपेक्षा थोडी खाली घ्या. एकटा आल्टो आणि ब्रश यांना जलद लयीत जागा मिळत नाही, आणि मग पूर्ण बँड आला की लय आपोआप चढते, तिला चढायला वाव राहील.

पहिला_आल्टो

बसूनच. आणि तीन वाक्यांचं निवेदन बँडमधला बेसवाला करेल, त्याचा आवाज शांत आहे. लय आम्ही एरवी मिनिटाला १३२ ठोक्यांना घेतो, ती १२० च्या आसपास आणतोय. काल त्याच लयीत पुन्हा एकदा वाजवून पाहिलं, दोघांचे आठ बार आता नीट मोकळे ऐकू येतात. फक्त शेवटच्या कोरसला (चालीच्या शेवटच्या फेरीला) ट्रम्पेट जड होतात, त्यांना जरा हलकं वाजवायला सांगितलंय.